झोनारचे वारस : युद्धाच्या लुटीतून आलेली लेन्स

कॅमेऱ्याच्या इतिहासाबद्दल आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, कॅमेरा इब्न अल-हैसमने शोधला. दुसरी, ‘कॅमेरा’ हा शब्द मूळचा अरबी. दुसरी गोष्ट सरळ चुकीची आहे. हा शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ खोली. पहिलीत अर्धे तथ्य आहे. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘किताब अल-मनाझिर’ लिहिताना इब्न अल-हैसमने प्रकाश आणि दृष्टी यांचा प्रयोगाच्या आधारे विचार केला, छिद्रातून उमटणारी ग्रहणाची प्रतिमाही अभ्यासली. पण छिद्र म्हणजे लेन्स नव्हे. भिंगापुरते नाव घ्यायचे तर ते इब्न सहलचे घ्यावे. इ. स. ९८४च्या सुमारास बगदादमध्ये त्याने काचेत शिरताना प्रकाश किती वळतो याचा नियम भूमितीने मांडला. दुर्दैवाने अभिमानाच्या लेखांत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

त्याच नियमावर उभ्या असलेल्या एका लेन्सचा इतिहास इथे सांगायचा आहे. लायकासारखा डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा जुना का होईना मिळवला, की पुढचा प्रश्न लेन्सचा येतो. निकाहची संध्याकाळ किंवा दर्ग्यातली कव्वाली टिपायची तर फ्लॅश मारणे शोभत नाही. म्हणून मोठ्या छिद्राची, म्हणजे ‘फास्ट’ लेन्स हवी. लायकाची स्वतःची अशी लेन्स बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते. स्वस्तातले जे पर्याय आज समोर येतात, त्यांतल्या कित्येकांची वंशावळ एकाच माणसाच्या टेबलापाशी जाऊन थांबते.

तो माणूस लुडविग बर्टेले. १९२०च्या दशकात ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीत त्याने एर्नोस्टार ही लेन्स रचली. ती लावलेला एर्मानॉक्स कॅमेरा घेऊन एरिक सॉलोमन हा पत्रकार फ्लॅशशिवाय न्यायालयात आणि परिषदांत शिरला. बंद दालनांतले पुढारी बेसावध अवस्थेत लोकांना दिसू लागले ते त्याच्यामुळे. सॉलोमन ज्यू होता. १९४४ मध्ये आउशवित्झमध्ये त्याला ठार करण्यात आले.

पुढे झाइसमध्ये बर्टेलेने झोनार आणली. (आपल्या सोनाराशी या नावाचा संबंध नाही, जर्मन भाषेत ‘झोन्ने’ म्हणजे सूर्य.) १९३२च्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी ५० मि.मी.ची झोनार एफ २ आणि एफ १.५ अशा दोन रूपांत निघाली. लायकाची तेव्हाची एल्मार एफ ३.५ होती. म्हणजे एफ १.५ची झोनार सुमारे साडेपाच पट प्रकाश आत घेई. बर्टेलेची युक्ती साधी होती. काचेवर परावर्तनरोधी लेप देण्याची सोय तेव्हा नव्हती आणि काच व हवा जिथे भेटतात तिथे थोडा प्रकाश परत फिरतो. त्याने सात काचा तीनच गटांत चिकटवल्या, त्यामुळे असे पृष्ठभाग सहाच उरले. लेपाचा शोध झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये लावला.

मग युद्ध आले आणि जर्मनी हरली. झाइसचे गाव येना सोव्हिएत विभागात जाणार हे ठरल्यावर अमेरिकी सैन्याने निवडक शास्त्रज्ञ उचलून पश्चिमेला नेले. मागे उरले ते सोव्हिएत संघाने नेले : यंत्रे, साचे, काच आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये माणसेसुद्धा. कॉन्टॅक्स हा कीवच्या कारखान्यात ‘कीव’ झाला. झोनारची झाली ज्युपिटर. एफ २ची ज्युपिटर-८ आणि एफ १.५ची ज्युपिटर-३. या लेन्सा लायकाच्या जुन्या आट्यांतही निघाल्या आणि पुढची कित्येक दशके बनत राहिल्या. याला नुकसानभरपाई म्हणावे की लूट, हे कोण सांगतो त्यावर अवलंबून असते. मला लूट हाच शब्द योग्य वाटतो, फक्त ती दोन्ही विजेत्यांनी केली.

जपाननेही याच आराखड्यावरून निक्कोर बनवल्या. १९५० मध्ये ‘लाइफ’चा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन या लेन्सा घेऊन कोरियाच्या युद्धावर गेला, तेव्हा जगाचे लक्ष जपानी काचेकडे वळले.

प्रकाश अपुरा असला की काय होते, याचा सर्वात परिचित नमुना भारतातलाच आहे. ३० जानेवारी १९४८च्या रात्री बिर्ला हाउसच्या फाटकावरून नेहरू गांधीजींच्या मृत्यूची बातमी सांगत होते. कार्तिए-ब्रेसाँचे ते छायाचित्र धूसर आहे. आणि तरी ते टिकले. म्हणून चांगल्या चित्राला लेन्स महागच हवी असे मानण्याचे कारण नाही.

आता निवडीकडे. ‘स्टँडर्ड’ म्हणजे ५० मि.मी. हे गणित ३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीचे. २००४चा एप्सन आर-डी१ हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर, पण त्याचा सेन्सर लहान होता. २००६च्या लायका एम८चाही लहानच. या दोहोंवर ५० मि.मी. लेन्स लांबची वाटते. तिथे ३५ किंवा ४० मि.मी.ची फोइग्टलँडर नोक्टॉन एफ १.४ घ्यावी, ती जपानची कोसिना कंपनी बनवते. पूर्ण चौकट २००९च्या एम९पासून मिळाली, आणि जुन्या पन्नाशीच्या लेन्सांना तिथेच खरा अर्थ आला.

एम९ किंवा नंतरचा कॅमेरा असेल तर सर्वात स्वस्त वाट ज्युपिटरचीच, पण तिच्यात जन्माची खोट आहे. तिचे माप कॉन्टॅक्सच्या प्रमाणाचे, लायकाचे किंचित वेगळे. त्यामुळे दूरचे नीट दिसते, पण जवळ, पूर्ण उघड्या छिद्रावर, फोकस चुकतो. एफ १.५ वर एक मीटर अंतरावर स्पष्टतेची पट्टी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. डोळ्यावर धरलेला फोकस कानावर पडायला वेळ लागत नाही. फिल्मवर हे झाकले जाई, डिजिटल पडदा ते लगेच दाखवतो. झाइसच्या आजच्या सी-झोनारमध्येही छिद्र लहान केल्यावर फोकस सरकतो, शिवाय ती स्वस्त म्हणावी अशी नाही. कोसिनाची ५० मि.मी. नोक्टॉन एफ १.५ हा जास्त भरवशाचा सौदा आहे. पैसे जमत असतील तर मी तिच्याच बाजूने मत देईन.

ज्युपिटरच घ्यायची असेल तर क्रमांक पाहा. बहुतेकींवर पहिले दोन आकडे निर्मितीचे वर्ष सांगतात. पैसे मोजण्याआधी ती आपल्याच कॅमेऱ्यावर चढवा, टेबलावर पट्टी तिरकी ठेवा, एक मीटरवरून पूर्ण छिद्र उघडून मधल्या आकड्यावर फोकस करा आणि चित्र मोठे करून कोणता आकडा स्पष्ट आला ते बघा.