पोटातल्या बाळाचा बाप कोण, हे टेस्टने कळतं का? विज्ञान, कायदा आणि ऑनलाइन जाहिराती

गेल्या पावसाळ्यात जव्हारला गेलो होतो. सुरतेच्या मोहिमेवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम झाला असं सांगतात, त्या शिरपामाळावर उभे होतो. सोबतच्या मित्राने फोन पुढे केला. स्क्रीनवर जाहिरात होती: बाळ जन्मण्याआधीच बाप ओळखा, घरबसल्या किट मागवा. त्याने विचारलं, "दादा, हे खरंच होतं का? आणि चालतं का?"

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. थोडक्यात सांगायचं तर विज्ञानाला हे जमतं, भारतात खासगीत करता येत नाही, आणि मोबाईल अ‍ॅपला तर अजिबात जमत नाही. आता एकेक करून पाहू.

टेस्ट चालते कशी?

१९९७ मध्ये डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की गर्भाच्या डीएनएचे तुकडे आईच्या रक्तात फिरत असतात. हे तुकडे मुख्यतः वारेच्या, म्हणजे प्लॅसेंटाच्या, पेशींमधून येतात. साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत आईच्या रक्तद्रवातल्या मोकळ्या डीएनएपैकी अंदाजे १० टक्के हिस्सा त्यांचा असतो.

पुढचं काम कोडमधले दोन व्हर्जन ताडून बघण्यासारखं आहे. समजा डीएनएतल्या एका जागी आईकडे फक्त 'क' अक्षर आहे, पण तिच्या रक्तात त्याच जागी सुमारे ५ टक्के वेळा 'ख' दिसतंय. हा 'ख' आईचा नाही, म्हणजे बाळाला तो बापाकडून मिळाला. मग संबंधित पुरुषाच्या गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यात तो 'ख' आहे का ते बघायचं. अशा शेकडो-हजारो जागा तपासून शक्यता काढतात. संशयित दोघे सख्खे भाऊ असतील तर लॅबला ते आधी माहीत हवं, कारण भावांचा बराच डीएनए सारखा असतो. जुळे एकसारखे असतील तर नेहमीच्या टेस्टने फरक कळत नाही.

जुन्या पद्धतीत गर्भजल किंवा वारेचा तुकडा सुईने काढतात. त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो.

अ‍ॅप आणि रक्तगटावरून कळतं का?

नाही. गर्भधारणेची तारीख सांगणारी अ‍ॅप शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून हिशोब करतात. सगळ्यांची पाळी सारखी नसते, आणि शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे अ‍ॅपची तारीख हा पुरावा नाही. सोनोग्राफीतही काही दिवसांचा फरक राहतोच.

रक्तगटाचं गणित तर आपल्या मुंबईनेच मोडलं. १९५२ मध्ये डॉ. भेंडे यांच्या टीमने 'बॉम्बे ब्लड ग्रुप' जगासमोर आणला. अशा माणसाचा गट साध्या तपासणीत 'ओ' दिसतो, पण 'ए' किंवा 'बी'ची जीन्स आत लपलेली असू शकतात आणि ती बाळाकडे जातात. म्हणजे आई-बाप दोघे 'ओ' आणि मूल 'बी', हे क्वचित का होईना, घडू शकतं. चार्ट बघून बायकोवर संशय घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कायदा काय सांगतो?

गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, तोच पीसीपीएनडीटी. त्यानुसार प्रसूतीपूर्व निदान तंत्रं ठरावीक आजार आणि दोष शोधण्यासाठीच वापरता येतात. त्या यादीत पितृत्व नाही. शिवाय ज्या डेटातून बाप कळतो, त्याच डेटातून मुलगा की मुलगी हेही कळतं. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. लिंगनिदानाच्या जाहिराती सर्च इंजिनवर दिसू नयेत म्हणून सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये निकालही दिला.

मग वाद झालाच तर?

मूल जन्मल्यावर, कोर्टामार्फत. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ (जुनं ११२) सांगतं की वैध लग्नात, किंवा लग्न संपल्यावर आईने दुसरं लग्न केलं नसेल तर २८० दिवसांच्या आत, जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच मानायचं. त्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं असं सिद्ध झालं, तरच अपवाद.

नागपूरच्या एका पोटगीच्या खटल्यात दोनदा डीएनए टेस्ट झाली आणि दोन्ही वेळा नवरा बाप नसल्याचं निघालं. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिथे विज्ञानाला वजन दिलं. पण २०२३ मध्ये पुण्याच्या एका दांपत्याच्या वादात त्याच कोर्टाने बजावलं की अशी टेस्ट सरसकट देता येणार नाही, मुलाला आई-बापाच्या भांडणातलं प्यादं करायचं नाही.

बलात्काराच्या प्रकरणात मात्र डीएनए महत्त्वाचा पुरावा असतो. गर्भपात झाला तर गर्भाचा नमुना जपून ठेवायचे आदेश मुंबई हायकोर्टाने अनेकदा दिले आहेत. तो नमुना सीलबंद होऊन पोलिसांमार्फत सरकारी फॉरेन्सिक लॅबमध्ये जातो. घरच्या किटचा रिपोर्ट इथे उपयोगाचा नाही, कारण नमुना कोणाचा आणि कोणी घेतला हेच सिद्ध होत नाही.

तुम्ही काय कराल?

- अशा जाहिरातीला पैसे, आधार किंवा थुंकीचा नमुना देऊ नका. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही.
- अत्याचार झाला असेल तर मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीला ११२.
- महिला, मुलं आणि अनुसूचित जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० वर फोन करा.

शिरपामाळावरच्या मित्राला मी शेवटी एवढंच सांगितलं: टेस्ट खरी असली तरी ते किट खरं असेलच असं नाही. आणि नुसत्या संशयावरून कोणाचं घर मोडू नका. माहिती उपयोगी वाटली तर ग्रुपवर नक्की शेअर करा.