कोचीचे बंदर आणि त्याची बेटे

एर्नाकुलमच्या धक्क्यावरून सुटलेली बोट घटकाभरात प्रवाशाला फोर्ट कोचीला पोहोचविते. तेवढ्या अवधीत उजव्या हातास बोलगट्टी व वल्लारपाडम ही बेटे दिसतात, डाव्या हातास विलिंग्डन बेट लागते, आणि समोर वैपिन व फोर्ट कोची यांच्यामधून अरबी समुद्र उघडा होतो. नारळीच्या दाट राया आणि काठावरील चिनी जाळी पाहून हा सारा देखावा अनादी असावा असे वाटते. वस्तुतः बंदराच्या या मुखास अद्याप सातशे वर्षेही झालेली नाहीत. आणि विलिंग्डन बेटाचा बहुतेक भाग तर विसाव्या शतकात मनुष्याने भर घालून केलेला आहे.

प्राचीन काळी या किनाऱ्यावरचे नामांकित बंदर म्हणजे उत्तरेकडील कोडुंगल्लूरजवळचे मुझिरिस. मिऱ्यांच्या मोबदल्यात सोने देणारी रोमन गलबते तेथेच येत. इ. स. १३४१ मध्ये पेरियार नदीला प्रचंड पूर आला. त्या पुराने जुन्या बंदराचे मुख गाळाने भरून टाकले आणि दक्षिणेस वेंबनाड सरोवराला समुद्राकडे नवी वाट मोकळी करून दिली, असे परंपरेने मानले जाते. वैपिन बेट त्याच पुराच्या गाळाने बनले असे तेथील लोक सांगत आणि त्या वर्षापासून ‘पुतुवैप्पु’, म्हणजे ‘नवी ठेव’, या नावाचा शकही मोजीत. एका बंदराचा नाश हीच दुसऱ्याची जन्मवेळ ठरली.

या नव्या बंदराने पुढे साऱ्या जगाला आकर्षून घेतले. १५०० साली पोर्तुगीज आले व १५०३ साली त्यांनी येथे किल्ला बांधला. वास्को द गामाचा अंत १५२४ मध्ये याच नगरात झाला. १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांना घालविले, आणि १७९५ मध्ये डचांची सत्ता इंग्रजांच्या हाती गेली. बोलगट्टी बेटावरील १७४४ सालचा वाडा हा डच अमदानीचाच अवशेष होय.

सत्तेच्या या उलाढालींपेक्षा मराठी श्रोत्यांना अधिक जवळची वाटेल ती मट्टांचेरीची वस्ती. १५६८ साली बांधलेल्या यहुदी प्रार्थनामंदिराच्या परिसरातच गोमंतकातून आलेल्या सारस्वतांनी आश्रय घेतला. पोर्तुगीजांच्या धर्मछळामुळे देशोधडीस लागलेल्या या लोकांनी कोकणी भाषा परमुलखातही जतन केली. डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट या कोकणी पंडितांनी त्यास साह्य केले. त्या तिघांचे १६७५ सालचे नागरी लिपीतील कोकणी निवेदन ग्रंथाच्या पहिल्याच खंडात छापलेले आहे.

एवढा लौकिक असूनही या बंदरात एक मोठे वैगुण्य होते. मुखाशी वाळूचा कठीण दांडा आडवा पसरलेला असल्यामुळे मोठ्या आगबोटी बाहेर समुद्रातच नांगर टाकीत, आणि माल पडावांनी आत आणावा लागे. १९२० मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो हा अभियंता येथे आला. दांडा कापण्यापेक्षा त्याला दुसरीच चिंता मोठी होती: वाट खोल केली आणि त्यामुळे वैपिनचा किनारा ढासळला तर? म्हणून त्याने किनाऱ्याच्या रक्षणार्थ आधी दगडांचे बांध घातले, मग उपसा केला. २६ मे १९२८ रोजी ‘पद्मा’ ही आगबोट नव्या वाटेने आत आली. उपसलेल्या गाळाची भर घालून विलिंग्डन बेट उभे राहिले.

ब्रिस्टोची ती चिंता पुढील काळात सर्वांनीच वाहिली असे मात्र म्हणता येत नाही. बंदराची भरभराट डोळ्यांसमोर चालली असता वैपिनच्या लोकांना एर्नाकुलमला थेट जाण्यासाठी २००४ साली गोश्री पूल होईपर्यंत होड्यांवरच अवलंबून राहावे लागले. वल्लारपाडम येथील मालपेट्यांचे बंदर २०११ मध्ये सुरू झाले. त्याच्या रस्त्यासाठी व लोहमार्गासाठी मूलंपिळ्ळी आदी गावांतील ३१६ कुटुंबांना घरे सोडावी लागली होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये विजेवर चालणाऱ्या बोटींची जलमेट्रो निघाली. तिची पहिली फेरी वैपिनशी जोडलेली असावी, हे उचितच झाले.

आजही बंदराची वाट खोल ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे गाळ उपसावा लागतो, आणि मोठ्या भरतीचे पाणी बेटांवरील सखल घरांत शिरते. पुराने दिलेली ठेव सांभाळण्याचे काम संपलेले नाही. कोचीला जाणाऱ्याने राजवाडे व प्रार्थनामंदिरे अवश्य पाहावीत. पण बोटीतून उतरण्यापूर्वी एकदा वैपिनच्या किनाऱ्याकडेही पाहावे. बंदर सुस्थितीत आहे की नाही, याचे खरे उत्तर तेथील लोकच देऊ शकतील.