तालमीतील अदब

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचे वर्णन केले. ‘मल्ल’ हा शब्द संस्कृत. पुढे सुलतानी काळात ‘तालीम’ हा अरबी आणि ‘वस्ताद’, ‘कुस्ती’ हे फारसी शब्द रुजले. हिंगोलीवरचा निजामी अंमल १९४८ साली संपला. शब्द मात्र राहिले. आचारही तसाच मिसळलेला. पायताण बाहेर ठेवावे, मारुतीला नमस्कार करावा, तांबडी माती कपाळी लावावी, वस्तादांच्या पाया पडावे आणि प्रतिस्पर्ध्याला सलामी देऊनच त्याच्याशी भिडावे. हे पाळणाऱ्याच्या बळाचा गावाला आधार वाटतो. विसरणाऱ्याची दहशत वाटते. म्हणूनच तालमीत अदब आधी, डाव मागाहून.