पासबुकात खाडाखोड नसते

ठाणे स्थानकाच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावर सकाळी ऐरोली, घणसोलीकडे निघालेली जी गर्दी असते, तिच्यात कल्याण-डोंबिवलीहून आलेले सॉफ्टवेअरवाले पुष्कळ असतात. मीही त्यांच्यापैकीच. फंक्शनल प्रोग्रामिंगचा विषय निघाला की या मंडळींकडून एकच निकाल ऐकू येतो : ‘ते प्राध्यापकांचे काम. आपल्याला महिनाअखेरीस रिलीज द्यायचे असते.’ हे मत दहा-पंधरा वर्षे प्रामाणिकपणे कोड लिहिलेल्या माणसांचे आहे. म्हणूनच ते तसेच सोडून देणे मला जमत नाही.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. जग सतत बदलते. खात्यातली शिल्लक बदलते, तिकिटाचे स्टेटस बदलते. मग ‘एकदा दिलेली किंमत बदलू नका’ म्हणणारी पद्धत व्यवहाराला कशी पुरणार? शिवाय तिला उच्च गणित लागते. प्रत्येक बदलाला नवी प्रत काढली तर मेमरी आणि वेग दोन्ही जातात. आणि नोकरीच्या जाहिरातींत हॅस्केलसारखी फंक्शनल भाषा शोधूनही सापडत नाही. यातला पहिला आक्षेप सर्वांत वजनदार. त्यालाच अधिक जागा देतो.

आमच्या भागात घरोघरी सहकारी बँकेचे पासबुक असते. डोंबिवली नागरी १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. यांतले कोणतेही पासबुक उघडा. तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक. समजा शिल्लक १२,००० होती आणि विजेच्या बिलाचे १,८०० गेले. बँक १२,००० खोडून तिथे १०,२०० लिहिते का? ती खाली नवी ओळ घालते. तेच बिल चुकून दोनदा कापले गेले, तरी दुसरी ओळ पुसली जात नाही; १,८०० जमेची उलट नोंद होते. झालेला व्यवहार आणि झालेली चूक, दोन्ही कागदावर राहतात. शिल्लक ही या नोंदींवरून काढायची गोष्ट आहे, आणि ती केव्हाही नव्याने काढता येते. कीर्द-खतावणी सांभाळणाऱ्या कोणत्याही मुनिमाला हे शिकवावे लागत नाही.

फंक्शनल प्रोग्रामिंगचा गाभा एवढाच आहे. नोंदी बदलायच्या नाहीत. त्यांच्यावरून उत्तर काढणारे फंक्शन लिहायचे. ‘रिड्यूस’ या फंक्शनला शिल्लक काढण्याची रीत, आरंभीची शिल्लक आणि नोंदींची यादी द्या, एकेक नोंद घेत ते अखेरची शिल्लक देते. तीच यादी पुन्हा दिली की तेच उत्तर. उत्तर केवळ दिलेल्या आर्ग्युमेंटवर ठरते आणि बाहेरच्या कशालाही धक्का लागत नाही, अशा फंक्शनला ‘प्युअर’ म्हणतात. त्याची टेस्ट लिहायला डेटाबेस उभा करावा लागत नाही. डेटाबेस वाचणे, त्यात लिहिणे, मेल पाठवणे ही कामे आहेतच. ती कडेला ठेवायची, हिशेबाच्या पोटात शिरू द्यायची नाहीत. जग बदलते हे मान्यच. पण बदल नोंदवणे आणि जुने पुसणे, ही दोन कामे एकच आहेत काय?

ती एक मानल्याची किंमत मी मोजली आहे. एका जुन्या नोकरीत आम्ही खातेउताऱ्याचे पान जावास्क्रिप्टमध्ये करत होतो. सर्वांत मोठे पाच व्यवहार वर दाखवायचे म्हणून एका सहकाऱ्याने यादीवर सॉर्ट चालवले. जावास्क्रिप्टचा सॉर्ट मूळ यादीचाच क्रम बदलतो, आणि तीच यादी पुढे ओळीओळीची शिल्लक काढायला जात होती. परिणाम असा, की अखेरची शिल्लक बरोबर आणि मधल्या ओळी चुकीच्या! बेरजेला क्रमाचे सोयरसुतक नसते. टेस्ट अखेरचा आकडा तपासत होती आणि पास होत होती. दोन दिवस गेले. दोन्ही फंक्शने वेगवेगळी वाचली तर निर्दोष होती. दोष त्यांच्यामधल्या सामायिक, बदलत्या यादीत होता. जावास्क्रिप्टच्या २०२३ च्या आवृत्तीत ‘टू-सॉर्टेड’ आले. ते मूळ यादीला हात न लावता नवी यादी देते. भाषेनेच साक्ष दिली आहे.

आता गणित. भास्कराचार्यांनी फंक्शनल प्रोग्रामिंग शोधले, असला पोकळ दावा मी करणार नाही. पण त्यांच्या ‘लीलावती’तला विलोमविधी, म्हणजे उत्तरावरून उलट मागे जाण्याची रीत, पाहा. एका संख्येला ३ ने गुणले, गुणाकाराचे तीन-चतुर्थांश त्यात मिळवले, ७ ने भागले, आलेल्यातून त्याचा तृतीयांश वजा केला, वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ घेतले, ८ मिळवले, १० ने भागले, उत्तर २. तर मूळ संख्या कोणती? शेवटच्या क्रियेपासून उलट चालत या : २८. प्रत्येक पायरी आधीचे उत्तर घेते आणि नवे देते. फंक्शनांची साखळी ती हीच, आणि तिला शाळेतले गणित पुरते. ‘मोनाड’सारखे शब्द पहिल्याच पानावर फेकून नवख्यांना घाबरवले, हा दोष मात्र आमच्या बाजूच्या प्रचारकांचा. तो मी कबूल करतो.

वेगाचा आक्षेप अर्धा खरा आहे. चित्राच्या लाखो पिक्सेलांवर चालणाऱ्या लूपमध्ये जागच्या जागी बदल करणेच शहाणपणाचे. पण ‘प्रत्येक बदलाला पूर्ण प्रत’ हा समज चुकीचा आहे. क्लोजर या फंक्शनल भाषेतला व्हेक्टर, म्हणजे तिथली यादी, हे ३२ फांद्यांचे झाड असते. चार पातळ्यांत १०,४८,५७६ घटक मावतात. एक घटक बदलला तर वाटेवरचे चार तुकडे, म्हणजे १२८ जागा, नव्याने लिहिल्या जातात. बाकीचे झाड जुनी आणि नवी प्रत वाटून घेतात.

राहिली नोकरी. व्हॉट्सॲपचे सर्व्हर अर्लांग या फंक्शनल भाषेवर उभे राहिले. पुण्याच्या हेल्पशिफ्टने क्लोजर निवडले, बंगळुरूच्या जसपेने हॅस्केल. ही नावे दूरची वाटत असतील तर रोजची जावा घ्या. तिचा स्ट्रिंग पहिल्यापासून न बदलणारा आहे. तिच्या जुन्या ‘डेट’ वर्गातली तारीख मात्र बदलता येत असे. त्यातून इतके घोटाळे झाले, की मार्च २०१४ च्या जावा ८ मध्ये तारखांचे नवे, न बदलणारे वर्ग आले, आणि त्याच आवृत्तीत लॅम्डा, म्हणजे बिननावाची फंक्शने, हेही आले. जाहिरातीत हॅस्केल नसेल. जावा तर आहे ना? आणि ‘प्राध्यापकांचे काम’ म्हणणाऱ्यांना एक नाव सांगतो : जॉन बॅकस. आयबीएममध्ये फोर्ट्रान घडवणारा हा माणूस. १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात त्याने, आपण ज्या शैलीचा पाया घातला तिच्यावरच टीका करून, फंक्शनल शैलीची बाजू मांडली.

निवाडा वाचकांनी करावा, पण पुरावा पाहून. उद्या कामावर गेलात की एकच फंक्शन निवडा, ज्याची टेस्ट लिहायला आज डेटाबेस लागतो. त्यातले वाचणे आधी घ्या, लिहिणे शेवटी न्या, मधला हिशेब प्युअर करा. पंधरा दिवस तो तसा चालवा. त्यानंतर निकाल माझ्याविरुद्ध गेला, तरी मला तो मान्य असेल.