सात रुपयांचा शिपाई आणि वऱ्हाडची सीमा

जालन्याहून देऊळगाव राजाच्या रस्त्याला लागले की तासाभराच्या आत मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो. वाटेत मोठी नदी नाही, घाट नाही. भाषा तीच, कापूसही तोच. मग ही रेषा आली कुठून?

"वऱ्हाड हा पूर्वीपासून वेगळाच सुभा होता" हे नेहमीचे उत्तर अर्धेच खरे आहे. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात पाथरी मोडत असे, आणि ते पाथरी आज परभणी जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात आहे. आजच्या सीमेचा पाया घातला तो १८५३ आणि १८६० या दोन तहांनी. त्यांतल्या पहिल्या तहाचे कारण एका वाक्यात मावते: एका फौजेचा पगार थकला होता. आजचा धागा त्या पगाराविषयी आहे. तो कोणाला मिळायचा होता, कोणी भरला आणि वाटेत कोणाच्या हाती राहिला, हे पाहू.

आरंभ घनसावंगीच्या परिसरातून करतो. हा तालुका पूर्वी अंबड तालुक्याचा भाग होता. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे, त्यामुळे इतिहासात या भागाचे नाव निघते ते बहुधा तेवढ्यापुरतेच. परंतु नकाशावर पाहा. उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग, दक्षिणेला गोदावरी, आणि मधल्या पट्ट्यात घनसावंगी. डिसेंबर १८०३ मध्ये सुर्जी अंजनगावला दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात जो तह झाला, त्यात नेमका हाच पट्टा आहे. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेला गोदावरीपर्यंत शिंद्यांचा जो मुलूख होता, तो जालन्याच्या किल्ल्यासह त्यांनी सोडून दिला. पुढे कंपनीने तो निजामाच्या पदरात घातला.

हा तह ज्या पराभवांमुळे झाला, त्यांतला एक मोठा पराभव २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्याच जिल्ह्यातील आसई येथे झाला होता. आसईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफांनी काय अनर्थ केला, हे सर्वांना ठाऊक असते. कंपनीची एक चाल मात्र फारशी सांगितली जात नाही. युद्ध सुरू होताना कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना सांगितले की नोकरी सोडून या, तुमच्या पोटापाण्याची सोय आम्ही करू. अनेकजण गेले. त्यांना निव्वळ फितूर म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण माझ्या मते प्रश्न विश्वासाचा होता. महिना संपला की पैसे हाती पडतील, असा भरवसा कोणत्या धन्याविषयी वाटत होता?

आपल्याकडे हा भरवसा कधीकाळी होता. शिवाजी महाराजांनी फौजेला शक्यतो रोख किंवा खजिन्यावरच्या वरातीने पगार देण्याचा प्रघात ठेवला आणि सैनिकाला गावे तोडून देण्याचे टाळले. राजाराम महाराजांच्या संकटकाळापासून सरंजामांची प्रथा वाढली. अठराव्या शतकात शिलेदाराला घोडे उभे करण्यासाठी नालबंदी मिळे, पोटापुरता रोजमुरा मिळे आणि उरलेली रक्कम बाकीत पडे. ती बाकी वसूल करण्याचे सैनिकापाशी एकच साधन होते: सरदाराच्या दारी धरणे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारदी शनिवारवाड्यात शिरले, ते थकलेल्या पगाराचा गलका करतच. नारायणरावाच्या खुनामागचे कारस्थान वेगळे होते, हे मान्य. पण पगारासाठी सैनिक धन्याच्या वाड्यात घुसतात यात कोणाला नवल वाटू नये, इतकी ती गोष्ट नित्याची झाली होती. कारस्थान्यांना ते पांघरूण आयतेच मिळाले.

आता निजामाकडे वळू. १८०० च्या तहानुसार निजामाच्या राज्यात कंपनीची तैनाती फौज होती आणि तिच्या खर्चासाठी त्याने मुलूख तोडून दिला होता. याखेरीज युद्धप्रसंगी आपल्या पदरचे ६,००० पायदळ आणि ९,००० घोडेस्वार मदतीला धाडावेत, असेही ठरले होते. "युद्धप्रसंगी" हा शब्द ध्यानात ठेवा. पुढचे सगळे प्रकरण त्याच्याभोवती फिरते.

निजामाच्या पलटणींचे पगार नेहमीच थकत. त्यावरून हैदराबादेत बंडही झाले. तेव्हा रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास काही पलटणी कंपनीच्या धर्तीवर उभ्या केल्या. कवायत इंग्रजी, अधिकारी इंग्रज, पगार नियमित आणि खर्च निजामाचा! या रसेल ब्रिगेडचीच वाढ होऊन 'हैदराबाद कंटिंजंट' ही फौज तयार झाली. औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, एलिचपूर आणि हैदराबादजवळचे बोलारम येथे तिच्या छावण्या पडल्या. फौज निजामाची म्हणवली जाई, हुकूम मात्र रेसिडेंटचा चाले. १८१९ मध्ये नांदेडकडे हटकर नाईकांचा उठाव झाला, तेव्हा नोव्ह्याची गढी घेणारी फौज हीच. आणि ही फौज युद्ध नसतानाही कायमची उभी राहिली.

तिचा वार्षिक खर्च चाळीस लाख रुपयांच्या घरात गेला. त्याचा मोठा हिस्सा ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पगार-भत्त्यांत जात असे, कारण या फौजेत त्यांची गर्दी कामाच्या मानाने फार होती. हैदराबादच्या कंटिंजंटमधली नेमणूक म्हणजे चांगली कमाई, हे सैन्यात सर्वांना माहीत होते आणि ती नेमणूक देणे रेसिडेंटच्या हातात होते.

एवढा पैसा दरमहा यायचा कुठून? येथे विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी रंगमंचावर येते. पामर हा जनरल पामर आणि त्याची मुसलमान पत्नी फैज बक्ष यांचा मुलगा. युरोपियनांनी संस्थानिकांना कर्ज देण्यास कायद्याने मनाई होती. ती या पेढीपुरती १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने उठवली, आणि पेढीचा एक भागीदार रंबोल्ड हा हेस्टिंग्जच्या मानसकन्येचा नवरा होता. पेढीने फौजेच्या पगारासाठी पैसे पुरवायचे आणि त्या बदल्यात मुलखाच्या वसुलावर वराती घ्यायच्या, अशी घडी बसली. औरंगाबादेकडच्या फौजांसाठी असा स्वतंत्र करारच होता. व्याज सालीना शेकडा चोवीस-पंचवीस. १८२० मध्ये साठ लाखांचे कर्ज मांडले गेले. नवा रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने हिशेब तपासला तेव्हा त्यातले आठ लाख प्रत्यक्षात दिलेलेच नव्हते, ती पेढीची बक्षिशी होती.

ही पेढी मिटवण्यासाठी निजामाने काय दिले पाहा. उत्तर सरकारांच्या मुलखापोटी कंपनी त्याला दर वर्षी सात लाख रुपये देणे लागत होती. तो कायमचा हक्क १,१६,६६,६६६ रुपयांना विकून टाकला गेला आणि त्यातून पामरचे देणे भागवण्यात आले. फौज मात्र तशीच उभी राहिली, म्हणून पुढच्या वर्षी पगाराचा प्रश्नही तसाच उभा राहिला.

दिवाण चंदूलालने १८४३ पर्यंत हा गाडा ओढला. साधन एकच, इजारा. जो अधिक बोली लावेल त्याला तालुका द्यायचा, त्याच्याकडून आगाऊ रक्कम घ्यायची आणि ती फौजेच्या पगाराला लावायची. इजारदाराने रयतेकडून किती काढावे याची चौकशी कोणी करीत नसे. विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीकडे वऱ्हाडातले महाल कर्जापोटी गेले आणि १८४५ मध्ये जबरदस्तीने काढूनही घेतले गेले. निजामाच्या इतर फौजेतील अरब जमादारांनी थकलेल्या पगारापोटी तालुकेच ताब्यात ठेवले होते. म्हणजे आपल्या भागातील कुणब्याच्या जोंधळ्यावर एकाच वेळी इजारदार, सावकार आणि जमादार हे तिघे हक्क सांगत. या फौजेत भरती होणारे बरेचसे उत्तर हिंदुस्थानी, रोहिले किंवा दक्षिणी मुसलमान होते. येथला शेतकरी पगार भरणारा होता, घेणारा क्वचितच.

निजामाकडून पैसा आला नाही की कंपनी आपल्या खजिन्यातून पगार देई आणि तो व्याजासह निजामाच्या नावे मांडी. बाकी पन्नास लाखांच्या आतबाहेर गेली. शांततेच्या काळात ही फौज पोसण्याचे बंधन १८०० च्या तहाने निजामावर घातलेले नाही, हे लॉर्ड डलहौसीने स्वतःच्या टिपणात मान्य केले होते. तरीही २१ मे १८५३ रोजी नासिरुद्दौलाकडून तहावर सही घेण्यात आली. कंटिंजंट कायम, किमान ५,००० पायदळ, २,००० घोडेस्वार आणि तोफखान्याच्या चार तुकड्या. तिच्या पगारासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव हे मुलूख कंपनीच्या हवाली. कंपनीने दरवर्षी हिशेब द्यायचा आणि शिल्लक निजामाला परत करायची. शिल्लक किती उरेल हे अर्थातच हिशेब लिहिणाऱ्याने ठरवायचे होते.

आता ज्याच्या नावाने हे सारे घडले त्या सैनिकाकडे पाहू.

कंपनीच्या पायदळातील साध्या शिपायाचा मूळ पगार महिना सात रुपये. विश्वास बसणार नाही, पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून १८९५ पर्यंत तो सातच राहिला. त्यातून जेवण स्वतःचे, कपड्यालत्त्यातील काही भाग स्वतःचा, आणि उरेल ते घरी. आरंभी खेड्यातल्या मजुरीच्या तुलनेत ही रक्कम बरी होती, शिवाय ती वेळेवर मिळे. पण मधल्या काळात कापसाची तेजी आली, धान्य महागले, १८७६-७८ चा दुष्काळ येऊन गेला, तरी आकडा हलला नाही. १८९५ मध्ये तो नऊ झाला आणि १९११ मध्ये अकरा.

कंटिंजंटचे रिसाले शिलेदारी पद्धतीचे होते. स्वाराचा पगार शिपायापेक्षा कितीतरी जास्त दिसतो, आणि येथेच नवखा वाचक फसतो. घोडा, खोगीर, हत्यार, दाणावैरण हे सर्व त्या पगारातून चालवायचे असे. रिसाल्यातल्या एका जागेला 'असामी' म्हणत. तिला किंमत असे आणि ती विकत घेता येई. ज्याच्याकडे भांडवल आहे तो अनेक असामी बाळगून त्यांवर बारगीर बसवी. बारगिराच्या हाती मालकाने आपला वाटा कापून घेतल्यावर उरलेले पडे. घोडा मेला की सावकार. म्हणून जुन्या फौजेचा पगार पाहताना मी आकड्याआधी कपात पाहतो. हा नियम आजही कामाचा आहे. आज अग्निवीराचे पहिल्या वर्षाचे वेतन ३०,००० रुपये सांगितले जाते. त्यातले ९,००० सेवा निधीत जातात आणि हाती २१,००० पडतात. त्या निधीत सरकारही तेवढीच भर घालते आणि चार वर्षांनी तो परत मिळतो. बारगिराला कापलेले काहीच परत मिळत नसे, हा फरक लहान नाही. पण चार वर्षांनंतर निवृत्तिवेतन नाही, हेही त्याच हिशेबात मांडायला हवे. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर भरतीसाठी धावणारी मुले हे गणित आपल्यापेक्षा चांगले जाणतात.

वेळेवर पगार म्हणजे निष्ठा, असा कंपनीचा हिशेब होता. तोही पुरता खरा ठरला नाही. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीत कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्याने कूच करण्यास नकार दिला. तक्रार पगाराची नव्हती. दिल्लीच्या बादशहाविरुद्ध आपल्याला नेत आहेत, असा त्यांचा समज झाला होता. पुण्याहून फौज आणून तो उठाव मोडला आणि अनेकांना मृत्युदंड दिला गेला. त्याच कंटिंजंटच्या दुसऱ्या तुकड्या पुढच्या वर्षी ह्यू रोजबरोबर झाशीच्या मोहिमेत लढल्या. दोन्हीकडच्यांना पगार मिळत होता तो वऱ्हाडच्या वसुलातूनच.

१८६० मध्ये निजामाला बक्षीस म्हणून रायचूर आणि धाराशिव परत मिळाले आणि ५० लाखांचे कर्ज माफ झाले. म्हणून धाराशिव आज मराठवाड्यात आहे. वऱ्हाड मात्र परत आले नाही. सालारजंगाने पगाराची हमी म्हणून रोख ठेव देण्याची तयारी दाखवली, ती नाकारली गेली. कर्ज माफ झाले, हमीही समोर ठेवली, तरी तारण सुटेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाचा विचार मनात येतोच.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने मीर महबूब अली खानांशी करार करून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या भाड्याने कायमचे घेतले. १९०३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट मोडून तिचे रिसाले आणि पलटणी हिंदी सैन्यात मिसळण्यात आल्या. जालन्याची छावणी रिकामी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडण्यात आले. जिच्या पगारासाठी ते गहाण पडले होते, ती फौज तोवर निजामाच्या राज्यात उरलीच नव्हती.