दार्झोचे दोन कागद

मिझोराममधील दार्झो गावच्या ज्येष्ठांनी दोन कागदांवर सह्या केल्या. पहिल्यात म्हटले होते की, बंडखोरांच्या जाचामुळे ह्नाथियाल येथे लष्कराच्या संरक्षणात वसवावे, अशी विनंती ग्रामस्थांनीच स्वेच्छेने केली. दुसऱ्यात, गाव त्यांनी स्वतः जाळले. सक्ती झाली नाही.

दोन्ही मजकूर खोटे होते.

१९५९ चा ‘मौताम’ दुष्काळ, आसाम सरकारची अनास्था, लालडेंगा यांची मिझो नॅशनल फ्रंट, मार्च १९६६ मधील स्वातंत्र्याची घोषणा आणि ऐजॉलवर भारतीय हवाई दलाचा हल्ला, हा क्रम अनेकांना ठाऊक असतो. जानेवारी १९६७ पासून जे घडले, ते मात्र क्वचितच सांगितले जाते. बंडखोरांना अन्न व आसरा मिळू नये म्हणून गावेच उठवायची, ही ब्रिटिशांनी मलायात वापरलेली युक्ती येथे आली. ७६४ पैकी ५१६ गावे रिकामी करून माणसे ११० केंद्रांत कोंबण्यात आली. सरकारी नाव होते ‘संरक्षित आणि प्रगतिशील गावे’! मिझो भाषेतला ‘खोखोम’ हा शब्द अधिक प्रामाणिक. गावे गोळा करणे, एवढाच त्याचा अर्थ.

केंद्राभोवती कुंपण, रात्री संचारबंदी, बाहेर जाण्यास परवाना. डोंगरउतारावरची झूम शेती दूर राहिली आणि स्वतःचे धान्य पिकवणारा समाज शिधावाटपाच्या रांगेत उभा राहिला.

दार्झो संपन्न गाव होते. संध्याकाळी घरे पेटवण्याचा हुकूम झाला, पण एकही ग्रामस्थ पुढे येईना. अखेर लष्करी अधिकाऱ्याने स्वतः पलिता लावला. नेता न येणारे धान्यही जाळायचे होते. बायका आक्रोश करीत होत्या. पुरुष मात्र निःशब्द. एक लहान मुलगी जळत्या घरात धावत गेली आणि मांजरीचे पिल्लू घेऊन बाहेर आली. मग रात्रभर जंगलातून सुमारे पंधरा मैलांची पायपीट.

हे सारे त्याच अधिकाऱ्याने सांगितले आणि सनदी अधिकारी विजेंद्र सिंह जफा यांनी ते पुढे प्रसिद्ध केले. तो बोलला नसता, तर अभ्यासकाच्या हाती फार तर ते दोन कागद लागले असते, रीतसर सह्यांचे.

त्या सह्याही सहज मिळाल्या नाहीत. ज्येष्ठांनी प्रथम साफ नकार दिला. त्यांना बाहेर पाठवून तासाभराने एकेकाला आत बोलावण्यात आले. टेबलावर भरलेले रिव्हॉल्व्हर होते, कोपऱ्यात स्टेनगन घेतलेले दोघे उभे होते. एकामागून एक, सर्वांनी दोन्ही कागदांवर सह्या केल्या.