अँजिओप्लास्टी: फुग्याने उघडलेली वाट

‘छाती न उघडता हृदयातला ब्लॉक कसा काढतात?’ अँजिओप्लास्टीचा सल्ला मिळाला की हा प्रश्न हमखास येतो. खरे तर ब्लॉक काढला जात नाही. तो रक्तवाहिनीच्या भिंतीकडे दाबून रक्ताला वाट करून दिली जाते. हे तंत्र कसे घडले ते पाहिले, तर त्यानंतरच्या गोळ्या इतक्या महत्त्वाच्या का, हेही आपल्या लक्षात येईल.

१९२९ मध्ये जर्मनीतील वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि एक्स-रे काढून ते सिद्ध केले. पुढे १९५६ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स एका रुग्णाची तपासणी करताना एक्स-रेत दिसणारे औषध चुकून थेट हृदयाच्या रक्तवाहिनीत गेले. रुग्ण वाचला आणि आजच्या अँजिओग्राफीचा मार्ग सापडला. १९६४ मध्ये चार्ल्स डॉटर यांनी एका ८२ वर्षांच्या महिलेच्या पायाची अरुंद झालेली रक्तवाहिनी नळ्यांनी रुंद केली. तिचा पाय कापावा लागला नाही.

झुरिचमधील आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी या नळीला फुगा जोडला. सुरुवातीचे फुगे त्यांनी घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार केले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयाची रक्तवाहिनी फुग्याने उघडली. दहा वर्षांनंतरच्या तपासणीतही ती उघडीच होती.

सगळेच इतके सुदैवी नव्हते. सुमारे तिघांपैकी एकाची रक्तवाहिनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होई. म्हणून १९८६ मध्ये फ्रान्समध्ये आधारासाठी धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवण्यात आला. पण जाळीच्या आतही पेशी वाढून वाट अरुंद होऊ लागली. त्यावर उपाय म्हणून २००० नंतर औषधाचा लेप असलेले स्टेंट आले.

आता मुद्दा गोळ्यांचा. हा लेप पेशींची वाढ रोखतो, त्यामुळे स्टेंटवर नैसर्गिक अस्तर यायलाही वेळ लागतो. तोवर उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होऊ शकते आणि अचानक हार्ट अटॅक येऊ शकतो. म्हणूनच अॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी काही महिने दिली जाते. बरे वाटते म्हणून किंवा दात काढायचा आहे म्हणून ती स्वतःहून थांबवू नका. आधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

आणखी एक लक्षात ठेवा. हार्ट अटॅकमध्ये वेळेत केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, पण ती एका जागेचा अडथळा दूर करते, आजार नाही. बाकीच्या रक्तवाहिन्या जपायच्या तर तंबाखू सोडणे, रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे आणि रोज चालणे, हे आपल्यालाच करावे लागेल.